उपचारांनंतरचे ताट आणि पावले

शेवटची केमोथेरपी पार पडते, रेडिएशनचे दिवस संपतात, तपासणीचा अहवाल समाधानकारक येतो आणि घरात पेढे वाटले जातात. त्याच सुमारास बरे होऊ लागलेल्या माणसापुढे एक साधा प्रश्न उभा राहतो: आता खायचे काय आणि हिंडायचे किती? रुग्णालयातून निघताना याचे उत्तर बहुधा एका वाक्यात मिळते: सर्व काही खा, थोडे फिरत जा. घरी मात्र सल्ल्यांचा पूर येतो. कोणी गव्हांकुराचा रस सुचवतो, कोणी दूध बंद करायला सांगतो, तर भेटीला येणारा प्रत्येक जण सुखडीचा डबा घेऊनच येतो.

व्यापारी कुटुंबांतील माया अशा वेळी दोन रूपे घेते. दुकानाची किल्ली काढून घेतली जाते आणि हातात शिऱ्याची वाटी दिली जाते. दोन्हींमागे प्रेमच असते. पण महिनोन्महिने अंथरुणावर राहिलेल्या शरीरातील स्नायू झिजतात, आणि झिजलेला स्नायू शिऱ्याने परत येत नाही. शिवाय सर्वांची अवस्था सारखी नसते. स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारांनंतर अनेक स्त्रियांचे वजन वाढते, तर तोंडाच्या किंवा जठराच्या कर्करोगानंतर ते टिकवणेच कठीण होते. म्हणून शेजारणीला लागू पडलेला आहार आपल्या घरी जसाच्या तसा उचलू नये.

व्यायामाबाबत आता भक्कम पुरावा हाती आला आहे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या 889 रुग्णांवर, मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात, ‘चॅलेंज’ नावाचा अभ्यास झाला. 2009 मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष 2025 मध्ये प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झालेल्या या रुग्णांचे दोन गट केले गेले. एका गटाला आहार-व्यायामाची छापील माहिती मिळाली. दुसऱ्या गटाला त्या माहितीबरोबरच तीन वर्षे एक मार्गदर्शक मिळाला. पाच वर्षांनी रोग न उलटता जगणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या गटात 73.9 टक्के, तर दुसऱ्या गटात 80.3 टक्के होते. आठ वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे 83.2 आणि 90.3 टक्के आढळले. व्यायामही काही अघोरी नव्हता. आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण ते एक तास झपझप चालल्याने ते उद्दिष्ट गाठता येत होते. व्यायाम करणाऱ्यांत स्नायू-सांध्यांच्या तक्रारी काहीशा अधिक आढळल्या, हेही नोंदवायला हवे.

येथे थोडे थांबावे. माहिती दोन्ही गटांकडे होती. फरक पडला तो सोबतीला असलेल्या माणसामुळे. ‘चालत जा’ असे सांगणारे घरोघरी आहेत, चप्पल घालून बरोबर निघणारे थोडे. पासष्टीपुढील 641 कर्करोगमुक्त व्यक्तींवरील, 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रिन्यू’ या अभ्यासाने तर दाखवले, की वर्षभर नियमित दूरध्वनी आणि टपालाने पाठवलेली माहिती एवढ्यानेही वयपरत्वे होणारी शारीरिक घसरण मंदावते. परगावी राहणाऱ्या लेकीने ‘जेवलीस का?’ याच्या जोडीला ‘आज किती चाललीस?’ एवढे विचारले, तरी ती मदतच आहे.

स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर ‘त्या हाताने काही उचलू नकोस’ हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो. हाताला सूज असलेल्या 141 स्त्रियांवरील 2009 च्या एका अभ्यासात, हलक्या वजनापासून सुरुवात करून देखरेखीखाली हळूहळू वाढवत नेलेल्या व्यायामाने ती सूज वाढली नाही. उलट ती बळावण्याचे प्रसंग कमी झाले. अर्थात पहिला धडा फिजिओथेरपिस्टकडेच घ्यावा.

आहाराबाबत मात्र दावे जपून करावे लागतात. अमेरिकेतील 3,088 स्त्रियांच्या ‘व्हेल’ अभ्यासात भाज्या, फळे व तंतू भरपूर आणि स्निग्धांश कमी असा आहार घेणाऱ्यांत स्तनाचा कर्करोग उलटण्याचे प्रमाण घटले नाही. त्याच स्त्रियांच्या नोंदींवरून 2016 मध्ये असे दिसले, की रात्रीचा उपवास तेरा तासांहून कमी असणाऱ्यांत रोग अधिक वेळा उलटला. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांना हे वाचून समाधान वाटेल. परंतु ही केवळ नोंदींतून दिसलेली सांगड आहे, सिद्धता नव्हे. चांगला आहार रोगाला रोखून धरतोच असे म्हणता येत नाही. तो शरीर उभे करतो, मधुमेह आणि हृदयविकार आटोक्यात ठेवायला मदत करतो, आणि तेही थोडे नाही.

जैन स्वयंपाकघरात उणीव असते ती बहुधा प्रथिनांची. दर किलो वजनामागे दिवसाला किमान एक ग्रॅम प्रथिने हवीत, म्हणजे साठ किलोच्या माणसाला साठ ग्रॅम. शंभर ग्रॅम सुक्या मुगात ती सुमारे चोवीस ग्रॅम असतात. वाटीभर पातळ वरणात त्यातला अगदी लहान हिस्सा येतो. सकाळी खाखऱ्याऐवजी मुगाचे पुडले, दुपारी घट्ट डाळ, सायंकाळी पनीर किंवा उसळ अशी मांडणी केली तर कंदमुळे न खाताही गरज भागते. तिथीला हिरवी भाजी वर्ज्य असेल त्या दिवशी चणे, वाल, मूग आहेतच. दही आणि कडधान्य एकत्र करताना द्विदलाचा नियम पाळणाऱ्यांनी दही तापवून कढी करावी. बी-12 जीवनसत्त्वाची तपासणी शाकाहारी रुग्णाने अवश्य करून घ्यावी. उकळलेले पाणी पिण्याची सवय मात्र उपचारकाळात फार उपयोगी पडते.

दुकानातील गल्ल्याशेजारी ठेवलेल्या सुपारीच्या डबीविषयी मात्र सौम्य बोलण्यात अर्थ नाही. तंबाखू नसलेली सुपारीही कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्येच जाहीर केले आहे. तोंडाच्या कर्करोगातून उठलेल्या माणसासमोर पाहुण्यांसाठी म्हणूनही ती ठेवू नये.

सर्वांत नाजूक प्रश्न तपश्चर्येचा. बरे झाल्याच्या कृतज्ञतेने कोणी अठ्ठाईचा संकल्प करतो, कोणी वर्षीतप उचलतो. आणि घरातील मंडळी ‘नको’ म्हणायला कचरतात. वजन घटलेल्या, रक्तातील पेशी अजून सावरत असलेल्या शरीराला दीर्घ उपवास घातक ठरू शकतो. पच्चक्खाणाच्या सूत्रांतच आगार सांगितलेले आहेत, आणि तीव्र व्याधीत औषध घेण्याची मुभा देणारा सर्वसमाधीचा आगार त्यांत आहे. रात्री पाणी कमी पडत असेल, तर चौविहाराऐवजी तिविहाराचा विचार गुरुमहाराज आणि डॉक्टर या दोघांना विचारून करता येतो. आहाराचे तप जमत नसेल तेव्हा स्वाध्याय, सामायिक, मौन हे मार्ग मोकळेच असतात.

सुरुवात लहान असावी. पहिल्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटे चालणे, मग दर आठवड्याला थोडी भर, असे करत आठवड्याला दीडशे मिनिटांपर्यंत जावे. शक्य झाल्यास दोन दिवस खुर्चीवरून उठबस किंवा पाण्याच्या बाटल्या उचलण्याचा व्यायाम जोडावा. चालताना बोलता यावे पण गाता येऊ नये, एवढा वेग पुरे. ताप, चक्कर, छातीत दुखणे किंवा हाडात नवी वेदना जाणवली तर त्या दिवशी थांबून डॉक्टरांना कळवावे. उपाश्रय किंवा देरासर पायी जाण्याच्या अंतरावर असेल, तर स्कूटर काढू नये आणि नातवाला बरोबर घ्यावे.