दुसऱ्या बाळाचा सव्वा महिना

पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी येते. शेवगाव तालुक्यात हा रिवाज आजही पुष्कळ घरांत आहे. मग सव्वा महिना तिने गार पाण्यात हात घालायचा नाही, जड उचलायचं नाही. डिंकाचे-आळिवाचे लाडू, तेलपाणी, बाळाला न्हाऊ घालायला जाणती बाई, सगळी व्यवस्था असते. दुसऱ्या खेपेला चित्र पालटतं. थोरल्याची अंगणवाडी, दावणीची जनावरं, कापसाची वेचणी; घर अडू नये म्हणून बाळंतपण बऱ्याचदा सासरीच होतं. पाचवी पुजून होते न होते तोच बाळंतीण चुलीपुढे दिसते. ‘दुसरं आहे, तिला सगळं ठाऊक आहे,’ असं म्हणून घर मोकळं होतं.

अनुभवाने बाळाला धरायचं कसं, पाजायचं कसं हे आईला कळलेलं असतं, हे खरं. पण शरीराची झीज अनुभवाने भरून निघत नाही. दुसऱ्या खेपेला घराने द्यायची मदत पहिल्यापेक्षा कमी करण्यासारखं काहीही आईच्या शरीरात घडलेलं नसतं. उलट काही बाबतींत ती मदत वाढवायला हवी.

आईच्या शरीरातले सहा आठवडे

बाळ जन्मल्यावर गर्भाशयाचं वजन सुमारे एक किलो असतं. पुढच्या सहा आठवड्यांत ते साठ-सत्तर ग्रॅमपर्यंत उतरतं. वार जिथून सुटते तिथे आत मोठी जखम असते आणि तिथल्या रक्तवाहिन्या बंद राहण्यासाठी गर्भाशयाचा स्नायू घट्ट आवळून राहावा लागतो. हे काम ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक करतं. बाळ अंगावर पिऊ लागलं की मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं. त्याने एकीकडे दुधाला पान्हा फुटतो आणि दुसरीकडे गर्भाशय आकुंचन पावतं. म्हणून पाजताना ओटीपोटात कळा येतात. दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणात या कळा पहिल्यापेक्षा जास्त जाणवतात, कारण आधी ताणलेला स्नायू पुनःपुन्हा सैल पडतो आणि पुन्हा आवळला जातो. घाबरण्याचं कारण नाही, मात्र ‘हिला आता सवय आहे’ म्हणून दुर्लक्षही करू नये. तासाभरात पॅड पूर्ण भिजण्याइतका रक्तस्राव, चक्कर, ताप किंवा घाण वास येणारा स्राव, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच क्षणी दवाखाना गाठायला हवा.

आधुनिक वैद्यकशास्त्र बाळंतपणानंतरचा काळ ४२ दिवसांचा मानतं. आपल्या आज्या सव्वा महिना पाळत आल्या. दोन्हींतलं अंतर जेमतेम चार-पाच दिवसांचं आहे. बाळंतिणीला विश्रांती आणि चांगलं खाणं हवं, हा या रिवाजाचा गाभा शास्त्राला पूर्ण मान्य आहे. बदलायला हवं ते त्याभोवतीचं काही. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून शेक-धुरी देणं धोक्याचं आहे. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि धुराने बाळाची कोवळी श्वासनलिका सुजते.

दुसरा हिशेब रक्ताचा. एका गरोदरपणात आईच्या शरीराला एकूण सुमारे एक ग्रॅम लोह लागतं. दोन बाळांत अंतर कमी असेल तर हा साठा भरायच्या आतच पुन्हा रिकामा होऊ लागतो. म्हणूनच बाळ जन्मल्यावर पुढच्या गरोदरपणाआधी किमान २४ महिने जाऊ द्यावेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलं आहे. बाळंतपणानंतर १८० दिवस रोज घ्यायच्या लोह-फॉलिक अॅसिडच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. त्या चहाबरोबर घेऊ नयेत, कारण चहा लोहाचं शोषण रोखतो. लिंबू किंवा आवळ्याने ते वाढतं.

शेवगावच्या ताटातली बाजरीही इथे कामाला येते. इक्रिसॅट ही हैदराबादजवळची संस्था आणि राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांच्या सहकार्यातून ‘धनशक्ती’ हे जास्त लोह असलेलं बाजरीचं वाण आलं. अशा बाजरीची परीक्षा आपल्याच जिल्ह्यात झाली. १२ ते १६ वर्षांच्या शाळकरी मुलामुलींना सहा महिने ती खाऊ घातली गेली. २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: ज्यांच्यात आधी लोह कमी होतं, त्यांची कमतरता भरून निघण्याची शक्यता साध्या बाजरीच्या तुलनेत १.६४ पट दिसली. आज बारा-सोळा वर्षांची असलेली मुलगी उद्याची आई आहे. बाळाच्या स्वागताची तयारी तिच्या ताटापासून सुरू होते.

ऊब: बाळाची पहिली गरज

थंडी वाजली की मोठ्या माणसाचं अंग थरथरतं आणि त्यातून उष्णता तयार होते. नवजात बाळाला हे नीट जमत नाही. त्याच्या मानेभोवती, खांद्याच्या फऱ्यांमध्ये आणि मूत्रपिंडांभोवती तपकिरी रंगाची खास चरबी असते. ती जाळून ते अंग गरम ठेवतं. हा साठा मर्यादित असतो, आणि वजनाच्या मानाने बाळाच्या त्वचेचा पसारा मोठा असल्याने उष्णता झपाट्याने निघून जाते. अपुऱ्या दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळात ही चरबीही तुटपुंजी असते.

त्यावरचा सगळ्यात खात्रीचा उपाय आईच्या छातीपाशी आहे. जन्मताच कोरडं करून बाळ आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं आणि वरून दोघांना पांघरूण घालायचं. पहिली अंघोळ निदान २४ तास लांबवावी. कमी वजनाच्या बाळांसाठी हीच पद्धत दिवसाचे अनेक तास वापरतात; तिला ‘कांगारू मातृसेवा’ म्हणतात आणि ती १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बाळाची तब्येत स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच ही सेवा सुरू केली गेली. त्या बाळांमधले मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. ही ऊब आईइतकीच बापाला, आजीला, आत्यालाही देता येते. आई जेवत असताना, झोपली असताना बाळ छातीशी घेऊन बसणं हे बापाचं काम आहे, आणि ते औषधाइतकंच खरं आहे.

दूध, आणि फक्त दूध

पहिल्या दोन-तीन दिवसांचं घट्ट, पिवळसर चीक दूध पिळून टाकण्याची चाल अजून पूर्ण गेलेली नाही. ते थोडं असतं, कारण बाळाचं पोटही तेवढंच असतं. त्यात प्रतिपिंडं, पांढऱ्या पेशी आणि जंतूंना रोखणारी प्रथिनं खच्चून भरलेली असतात. आईच्या दुधात काही शर्करा अशाही आहेत की त्या बाळाला पचतच नाहीत. त्यांच्यावर बाळाच्या आतड्यातले उपकारक जिवाणू वाढतात आणि घातक जंतूंना जागा उरत नाही.

मध चाटवणं, गुटी उगाळून देणं, उन्हाळ्यात वरून पाणी पाजणं, या सवयी मायेपोटी आल्या आहेत. पण मधात बोट्युलिझम या घातक आजाराच्या जिवाणूंची बीजं असू शकतात. वर्षाच्या आत मध देऊच नये. सहाणेवर उगाळलेल्या गुटीबरोबर दूषित पाणी पोटात जातं. आणि पाण्याचं म्हणाल तर आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असतं. शेवगावच्या मे महिन्यातही सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला वेगळं पाणी लागत नाही; पाजण्याच्या वेळा वाढवल्या की पुरतं.

दूध वाढवणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री जास्त स्रवतं. म्हणून रात्रीचं पाजणं चुकवू नये, आणि रात्री जागलेल्या आईला दिवसा झोप मिळायला हवी. ताण, वेदना, अपमान यांनी ऑक्सिटोसिन अडतं आणि पान्हा आखडतो. ‘हिला दूधच नाही’ हा शेरा खरोखरच दूध अडवू शकतो. पहिल्या दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येतं, हे सासूबाईंना आधीच ठाऊक असेल तर डबा-बाटली घरात यायची नाही.

थोरल्याचं मन

दोन-तीन वर्षांचं थोरलं लेकरू धाकट्याच्या जन्मानंतर पुन्हा अंथरूण ओलं करतं, बाटली मागतं, आईला चिकटतं. घरातले त्याला हट्टी ठरवतात. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ ज्युडी डन आणि कॅरल केंड्रिक यांनी केंब्रिजमधल्या ४० कुटुंबांत दुसऱ्या बाळाच्या जन्माआधीपासून मुलांचं निरीक्षण केलं आणि १९८२ मध्ये ते पुस्तकरूपाने मांडलं. असं वागणं त्यांना अनेक मुलांत आढळलं. त्याहून मोलाचा शोध पुढचा होता. ज्या घरांत आई थोरल्याशी बाळाबद्दल एक माणूस म्हणून बोलत होती, ‘बघ, त्याला भूक लागलीय, काय करू या?’ असं विचारत होती, तिथे भावंडांचं नातं पुढे जास्त गोड झालं.

यात पैसा लागत नाही. थोरल्याला लंगोट आणून द्यायला सांगावं, बाळाचं नाव सुचवू द्यावं, आणि दिवसातला थोडा वेळ आईने किंवा बापाने फक्त त्याच्यासाठी ठेवावा. ‘आता तुझे लाड संपले’ ही थट्टा शेजारणीनेही करू नये. एक खबरदारी मात्र हवी: अंगणवाडीतून आणलेली सर्दी-खोकल्याची लागण थोरल्यामार्फत बाळापर्यंत पोचते. हात धुऊनच बाळाला हात लावायचा, ही सवय त्याला आधीपासून लावावी. थोरल्याच्या लसी वेळेवर होणं हेही धाकट्याचं संरक्षण आहे.

आणि धाकटी लेक असेल तर? २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर १००० मुलांमागे मुली ९०० सुद्धा नव्हत्या. बाळाचं लिंग बापाच्या शुक्राणूतल्या एक्स किंवा वाय गुणसूत्राने ठरतं. दुसऱ्या मुलीसाठी आईला बोल लावण्याला शास्त्रात कसलाही आधार नाही, आणि त्या बोलांनी तिची भूक, झोप आणि दूध मात्र खरोखर कमी होतं.

दारापर्यंत येणारं शास्त्र

घरात जाऊन केलेली देखभाल जीव वाचवते, हे जगाला शिकवण्यात महाराष्ट्राचा मोठा वाटा आहे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी आपल्याच जिल्ह्याच्या दक्षिणेला जामखेडमध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्याच बायकांना त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केलं. त्यांतल्या अनेक जणी कधी शाळेत गेल्या नव्हत्या. प्रकल्पाच्या गावांत पहिल्या महिन्यानंतरच्या बालमृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी कमी झाल्याचं २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं.

पहिला महिना सगळ्यात अवघड असतो. त्याचं उत्तर गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने शोधलं. ३९ गावांतल्या प्रशिक्षित महिलांनी घरोघरी जाऊन नवजात बाळांना तपासलं, ऊब दिली, जंतुसंसर्ग ओळखून उपचार केले. तिथला नवजात मृत्युदर दर हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आला. १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’ने हे काम छापलं आणि २०११ पासून ते देशभर आशाताईंच्या हाती आलं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताई घरी येतात. बाळ पीत नाही, अंग गार किंवा तापलेलं लागतं, मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास चालतात, छाती आत ओढली जाते, झटके येतात, तळहात-तळपाय पिवळे दिसतात, हे त्या बघतात. यातलं काही दिसलं तर त्यांच्या पुढच्या फेरीची वाट न पाहता १०८ ला फोन करायचा.

ही साखळी तुटते ती दिवाळीनंतर. शेवगाव-पाथर्डीच्या गावांतून ऊसतोडीला टोळ्या निघतात, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरला जातो आणि उचल आधीच घेतलेली असते. एक हात कमी झाला तर उचल फिटत नाही. ओली बाळंतीण फडात उभी राहते, बाळ कोपीत किंवा उसाच्या सावलीत, आणि आशाताई मागे गावात राहते. इथे आईला विश्रांतीचा उपदेश करून भागणार नाही. बाळंतिणीचा सव्वा महिना उचलीच्या हिशेबात धरायला मुकादमाने आणि कारखान्याने राजी व्हायला हवं. ज्या गावात टोळी उतरते तिथल्या आशाताईकडे त्या बाळाची नोंद पोचायला हवी. त्यासाठी माता-बाल संरक्षण कार्ड सोबत घेऊनच निघायचं.

शेतावर राहणाऱ्या घरांसाठी काम याहून सोपं आहे आणि ते बारशाच्या आधीच ठरवता येतं. पाणी कोण भरणार, थोरल्याला अंगणवाडीत कोण सोडणार, धारा कोण काढणार, रात्री पाजून झाल्यावर बाळाला कोण घेणार? चारही उत्तरांत बाळंतिणीचं नाव येता कामा नये. पहिल्या खेपेला माहेराने जे केलं, ते दुसऱ्या खेपेला सासरने करावं. कुटुंब वाढलं म्हणजे खाणारी तोंडं वाढली, एवढाच हिशेब आपण करत आलो. बाळ-बाळंतिणीसाठी राबणारे हातही त्याच मापाने वाढवले, तर त्या बाळाचं स्वागत पुरं झालं.