साखर रक्तात, फटका हाडाच्या आत!

मधुमेह म्हटलं की डोळे, किडनी, पाय आठवतात. पण जिथे रक्त तयार होतं, त्या अस्थिमज्जेलाही साखर सोडत नाही. तिथल्या मूळपेशींच्या या गोष्टी वाचाच!

सेकंदाला 20 लाख!
कमरेचं हाड, मणके, छातीचं हाड यांतल्या मज्जेत दर सेकंदाला सुमारे 20 लाख तांबड्या पेशी तयार होतात, त्या तिथल्या मूळपेशींच्या जिवावर. या मूळपेशींचा ठोस पुरावा 1961 मध्ये टोरांटोच्या टिल आणि मॅकुलक या जोडीने दिला.

तीन महिन्यांची चुगली
तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते आणि तोवर तिच्या हिमोग्लोबिनला साखर चिकटत राहते. एचबीए1सी तपासणी हेच मोजते. म्हणून आदल्या दिवशी गोड बंद केलं तरी आकडा बधत नाही!

बाहेर पडायची वाट बंद
एरवी मज्जेतल्या काही पेशी रक्तात उतरतात आणि रक्तवाहिन्यांच्या डागडुजीला हातभार लावतात. मधुमेहात मज्जेतल्या नसा नि बारीक रक्तवाहिन्या खराब होतात आणि या पेशी आतच अडकतात. चप्पल चावून झालेली एवढीशी जखम चिघळत राहते, त्यामागे हेही एक कारण. प्रत्यारोपणासाठी मूळपेशी रक्तात उतरवणारं जी-सीएसएफचं इंजेक्शन देऊनही मधुमेहींच्या रक्तात त्या अनेकदा कमीच उतरतात.

पांढऱ्या पेशींची जादा भरती
2013 मध्ये मधुमेही उंदरांत दिसलं, की वाढलेल्या साखरेमुळे मज्जा दाह वाढवणाऱ्या पांढऱ्या पेशी जास्त बनवते. दिलासा असा, की साखर उतरवल्यावर ही भरतीही ओसरली.

हाड भरीव, तरी मोडतं
टाइप 2 मधुमेहात हाडांची घनता चांगली दिसूनही फ्रॅक्चरचा धोका जास्त असतो. प्रयोगांत दिसतं, की मज्जेतल्या ज्या पेशींनी हाड घडवायचं, त्या चरबीकडे झुकतात.

मज्जा विसरत नाही
मधुमेही उंदरांची मज्जा मधुमेह नसलेल्या उंदरांत घातली, तेव्हा साखर नॉर्मल असूनही त्यांच्या धमन्यांत जास्त चरबी साचली!

आयसीएमआरच्या 2023 च्या अहवालानुसार भारतात 10 कोटींहून जास्त मधुमेही आहेत. त्या प्रत्येकाला कळकळीने सांगणं एकच: त्रास सुरू व्हायची वाट पाहू नका. निदान झाल्या दिवसापासून साखर आटोक्यात ठेवा, गोळ्या चुकवू नका आणि रोज रात्री तळपाय नीट तपासा.