पाऊस थांबत नाही : प्रकल्पाचे नियोजन आणि स्प्रेडशीट

जालना तालुक्यातील कडवंची येथे १९९६ साली पाणलोट विकासाचे काम सुरू झाले. इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमातील हे काम खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने गावकऱ्यांच्या सहभागाने केले. पुढे शेततळी आणि द्राक्षबागा यांमुळे कडवंचीचे नाव सर्वदूर पोचले. आपण येथे पाहणार आहोत ते अशा कामाचे एक साधे अंग : शेकडो तुकड्यांत विखुरलेले काम कागदावर कसे मांडायचे?

या कार्यक्रमात ‘नेट प्लॅनिंग’ नावाची पद्धत वापरत असत. शेतकऱ्याला बरोबर घेऊन त्याच्या शेतात जायचे आणि गट क्रमांक, क्षेत्र, उतार, मातीची खोली, जमिनीचा सध्याचा वापर आणि तेथे करायचे काम यांची नोंद करायची. कामाचा क्रम ‘माथा ते पायथा’ असा. माथ्यावरचे चर होण्याआधीच खाली बंधारा बांधला, तर वरून येणारा लोंढा अडवायला काहीच नसते. बंधारा गाळाने भरतो, प्रसंगी फुटतो. शिवाय मातीकाम पावसाळ्याआधी उरकावे लागते. म्हणजे प्रश्न तीन : काय करायचे, कशानंतर करायचे आणि कधीपर्यंत करायचे? कोणत्याही प्रकल्पाचे नियोजन म्हणजे या तीन प्रश्नांची उत्तरे.

तक्ता मांडू या

आपल्या शाळेसाठी एक प्रकल्प घेऊ : गावातील २० विहिरींची पाणीपातळी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर मोजायची. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी मे आणि ऑक्टोबर महिन्यांत मोजते. दोन्ही नोंदींतील फरकावरून पावसाने जमिनीत किती भर घातली याचा अंदाज येतो.

स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक कामाला एक ओळ द्यावी. रकाने सातच पुरेत : काम, जबाबदारी, कशानंतर, सुरुवात, लागणारे दिवस, शेवट आणि प्रत्यक्ष झालेले काम. ओळी अशा होतील :

१. विहिरींची यादी व मालकांची परवानगी : ६ दिवस
२. मोजपट्टी तयार करणे व सराव (१ नंतर) : ४ दिवस
३. मे महिन्यातील मोजणी (२ नंतर) : ५ दिवस
४. रोजच्या पावसाची नोंद, १ जून ते ३० सप्टेंबर : १२२ दिवस
५. ऑक्टोबरमधील मोजणी (४ नंतर) : ५ दिवस
६. तुलना व अहवाल (५ नंतर) : १० दिवस

शेवटची तारीख हाताने लिहू नये. स्प्रेडशीट तारीख ही दिवसांची एक संख्या म्हणून साठवते. त्यामुळे तारखांची बेरीज-वजाबाकी करता येते. सुरुवातीत दिवस मिळवून एक वजा केला की शेवटची तारीख मिळते. १ एप्रिलला सुरू झालेले सहा दिवसांचे काम ६ एप्रिलला संपते. दुसऱ्या कामाच्या सुरुवातीच्या घरात ‘पहिल्याचा शेवट अधिक एक’ हे सूत्र घातले, तर ७ एप्रिल ही तारीख आपोआप येते. पहिले काम तीन दिवस लांबले, तर दुसऱ्याच्या तारखाही तीन दिवसांनी सरकतात.

सरकणाऱ्या आणि न सरकणाऱ्या तारखा

येथेच खरी मेख आहे. अहवाल आठवडाभर उशिरा झाला तर चालते. पण मे महिन्याची मोजणी जूनच्या पावसानंतर केली, तर ती ‘पावसाळ्यापूर्वीची’ राहत नाही. वर्ष वाया जाते. म्हणून अशा कामाची तारीख आधी ठरवावी आणि तेथून उलटे मोजावे. समजा, मोजणी २५ मेपर्यंत संपवायची. पाच दिवसांचे काम असेल तर २१ मेला सुरू झालेच पाहिजे. पण तेव्हा शाळेला उन्हाळी सुटी! तक्ता नसता तर ही अडचण मे महिन्यातच कळली असती. तक्त्यामुळे ती मार्चमध्ये कळते आणि कोणते विद्यार्थी गावातच राहणार आहेत, त्यांच्याबरोबर कोण मोठे माणूस असेल, हे सुटीआधी ठरवता येते. विहिरीच्या काठावर एकट्या मुलाला पाठवायचे नाही, ही अट जबाबदारीच्या रकान्यातच लिहावी.

काम कुठवर आले?

‘काम चालू आहे’ या नोंदीतून काहीच कळत नाही. ‘नव्वद टक्के झाले’ हाही बहुधा अंदाजच असतो. मोजता येईल ते मोजावे : किती विहिरी झाल्या? रोज ४ याप्रमाणे तिसऱ्या दिवसअखेर १२ विहिरी व्हायला हव्यात. प्रत्यक्षात ८ झाल्या असतील, तर वेग रोज पावणेतीन विहिरींहूनही थोडा कमी आहे. उरलेल्या १२ विहिरींना याच वेगाने साडेचार, म्हणजे पाच दिवस लागतील. काम २५ ऐवजी २८ मेला संपेल. हे २३ मेच्या संध्याकाळीच कळले, तर दुसरा गट उतरवून रोज सहा विहिरी करता येतात आणि तारीख पाळता येते.

ठरलेली तारीख खोडून तिच्या जागी नवी लिहू नये. प्रत्यक्ष तारखेसाठी शेजारी वेगळा रकाना ठेवावा. दोन्ही तारखा समोर असल्या तरच पुढच्या वर्षी दिवसांचा अंदाज सुधारतो. शाळेत संगणक नसेल तर आलेखाचा कागद घ्यावा, एका चौकोनाला एक दिवस मानावा आणि प्रत्येक कामासाठी आडवी पट्टी रंगवावी. हेन्री गँट या अमेरिकी अभियंत्याच्या नावाने ओळखले जाणारे तक्ते विसाव्या शतकाच्या आरंभी असेच कागदावर काढले जात. संगणकावरची पहिली लोकप्रिय स्प्रेडशीट, ‘व्हिसीकॅल्क’, आली ती १९७९ साली.

तक्ता वर्गाच्या भिंतीवर लावावा आणि दर शनिवारी विद्यार्थ्यांनीच तो भरावा. राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेसाठी प्रकल्प करणाऱ्या गटांनी हा भरलेला तक्ता अहवालाला जोडावा. निष्कर्षाइतकेच, तो कोणत्या तारखांच्या नोंदींवर उभा आहे हेही परीक्षकांना त्यातून दिसेल.