चाकू दमतो कुठे?

दिवसभर की-बोर्ड बडवून कंटाळलात? मग व्हिटलिंग ट्राय करा. म्हणजे खिशातल्या चाकूने लाकडाचा तुकडा तासत तासत त्यातून चमचा, पक्षी, की-चेन असं काहीतरी काढायचं. ना मशीन, ना क्लासची फी. फक्त एक शंका सगळ्यांनाच येते: रोज लाकूड तासून आपला फोल्डिंग चाकू खराब नाही ना होणार?

होऊ शकतो, पण आपल्याला वाटतं तिथे नाही. आपलं लक्ष असतं धारेवर. धार जाते आणि लावली की परत येते. चाकूची खरी नाजूक जागा म्हणजे सांधा, जिथे पातं पिनेवर फिरतं. सरळ, पातळ काप घेताना सांध्याला फारसा त्रास नसतो. लोचा होतो तो पातं रुतल्यावर! आपण मनगट पिळून ते सोडवतो, ढलपी उचकटतो, गाठीशी कुस्ती खेळतो. हा आडवा जोर थेट पिनेवर येतो. असं वारंवार झालं की पातं डुगडुगायला लागतं.

गंमत म्हणजे, सांधा वाचवायचा उपाय धारेतच आहे. बोथट पात्याला जोर जास्त लागतो आणि जास्त जोर लावला की पातं भलतीकडे घसरतं. म्हणून काम करता करता मध्येच पातं चामड्याच्या पट्ट्यावर ओढा, न्हावी वस्तरा ओढायचा तसं. सारखं धारवाल्याच्या चाकावर नेलंत तर पोलादच झिजेल.

व्हिक्टोरिनॉक्सच्या छोट्या स्विस नाइफमध्ये पात्याला लॉक नसतं, ते पाठीच्या स्प्रिंगवर उभं असतं. टोकाने भोक पाडायला गेलात तर ते बोटांवर मिटू शकतं. फ्रान्सच्या ओपिनेलने १९५५मध्ये यासाठी फिरणारी कडी आणली. पण तिची बीच लाकडाची मूठ दमट हवेत फुगते आणि पातं घट्ट बसतं. मुंबईकरांनो, पावसाळ्यात सांभाळा!

एवढं पाळाच
* सुरुवात मऊ, बिनगाठीच्या लाकडाने करा. बांबूत सिलिका असते, धार लवकर जाते.
* जाड ढलपीऐवजी चार पातळ काप घ्या.
* पातं रुतलं तर पिळू नका, आलं त्याच वाटेने मागे घ्या.
* काम झालं की पातं पुसा, सांध्यातला भुसा काढा, तेलाचा एक थेंब सोडा.
* पातं डुगडुगतंय? आधी दुरुस्ती, मग कोरीवकाम.

चाकू नवा घेता येतो, बॉस. बोटं नाही!