‘एसएस आहे, काही होत नाही!’

मे महिन्यात मुंबई बंदरातल्या शिडाच्या बोटी पावसाळ्यासाठी पाण्याबाहेर निघतात आणि आम्हा हौशी लोकांचा दुरुस्तीचा हंगाम सुरू होतो. पाना, ग्रीस आणि पॉलिश पेपर घेऊन आपल्याच बोटीखाली आडवं पडायचं, हे दरवर्षीचं. आणि दरवर्षी एक वाक्य दहादा कानावर येतं : ‘एसएस (स्टेनलेस स्टील) टाका, गंजायचा प्रश्नच नाही.’ नागदेवी स्ट्रीटवरचा दुकानदार तेच सांगतो, फिटर तेच सांगतो, नवी बोट घेतलेला मित्र तर पैजेवर सांगतो. हे वाक्य चुकीचं आहे. ज्या बोल्टांच्या जोरावर डोलकाठी उभी असते, त्यांच्याबाबत तर ते धोक्याचं आहे.

गेल्या वर्षी आमच्या चोवीस फुटी बोटीची एक चेनप्लेट काढली. डोलकाठीला बाजूने ताणून धरणारी तार ज्या पट्टीत अडकवतात, ती चेनप्लेट. पट्टी चकचकीत होती, बोल्टांची डोकीही चकचकीत. पट्टी डेकमधून जिथे खाली उतरते, तिथे फक्त एक तपकिरी ओघळ होता आणि तो आम्ही दर हंगामात इमानेइतबारे पुसून टाकत होतो. तीन बोल्ट निघाले. चौथा पान्याच्या पहिल्याच झटक्यात तुटून हातात आला. १० मिलिमीटरच्या त्या दांड्याला लाकडात दडलेल्या भागात, वरून कधीच दिसलं नसतं अशा जागी, खोल घळ पडली होती. शाबूत धातू जेमतेम ४ मिलिमीटर. याच बोल्टाच्या भरवशावर आम्ही मुलांना बोटीत बसवून भर वाऱ्यात शीड ताणत होतो.

असं का होतं? पोलादात साधारण साडेदहा टक्क्यांहून जास्त क्रोमियम असलं, की त्यावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो. गंज थोपवतो तो हा थर. ओरखडा गेला तर तो आपला आपण भरून येतो, पण त्यासाठी ऑक्सिजन लागतो. बोल्टाच्या डोक्याखालच्या, वॉशरखालच्या, ओल्या लाकडातल्या फटीत पाणी साचून राहतं आणि त्यातला ऑक्सिजन संपतो. वर मिठातलं क्लोराइड असतंच. थर फाटतो, पुन्हा धरत नाही आणि धातू आतून खाल्ला जातो. बाहेरचा भाग हवेत असल्यामुळे आरशासारखा राहतो, म्हणूनच फसायला होतं.

खरं तर हे आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. आई-आजी मीठ आणि लोणचं चिनी मातीच्या बरणीत ठेवतात, स्टीलच्या डब्यात नाही. मिठाच्या डब्याला तळाशी टाचणीएवढी भोकं पडलेली ज्यांनी पाहिली आहेत, त्यांनी बोटीच्या बोल्टावर आंधळा विश्वास का ठेवावा, हे मला खरंच कळत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं : ‘पण आमचं ३१६ आहे, मरीन ग्रेड!’ ३१६मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे ते साध्या ३०४ ग्रेडपेक्षा नक्कीच सरस. डेकवर तेच वापरावं. पण भोकं पडण्यापुढे धातू किती टिकाव धरतो, हे मोजणारा ‘प्रेन’ नावाचा आकडा आहे. ३०४चा तो १९च्या आसपास, ३१६चा २४-२५. नॉर्वेच्या तेल उद्योगाचं ‘नॉर्सोक’ मानक समुद्राच्या पाण्यातल्या स्टेनलेससाठी किमान ४० मागतं. त्यात आपलं पाणी कोमट, म्हणजे झीज आणखी वेगाने.

चुंबक लावून ३१६ ओळखता येतं, हाही भ्रमच. ३०४, ३१६ आणि बाजारात सर्रास मिळणारं स्वस्त २०२, यांतल्या कशालाच चुंबक धड चिकटत नाही. मॉलिब्डेनम ओळखणाऱ्या द्रावणाची छोटी बाटली मिळते, ती घ्यावी.

मग करायचं काय? ओघळ पुसायचा नाही, त्याचा उगम शोधायचा. दर काही वर्षांनी बोल्ट पूर्ण बाहेर काढून बघायचे. तारांच्या टोकांच्या फिटिंगवर वेल्डिंगवाले वापरतात तो लाल डाय पेनिट्रंट मारला, की केसासारखी भेगही उमटून दिसते. यासाठी कारखाना लागत नाही, अर्धा दिवस आणि चिकाटी लागते.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. एसएसचा नट फिरता फिरता जाम झाला, तर तो गंज नव्हे. घासून दोन्ही धातू एकमेकांत रुतलेले असतात. आट्यांना ग्रीस लावा, हळू फिरवा. पितळ म्हणजे ब्राँझ नव्हे : खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त निघून जातं आणि गुलाबी, ठिसूळ तांबं उरतं. पाण्याखालच्या व्हॉल्व्हवर तो गुलाबी रंग दिसला, की व्हॉल्व्ह बदला. ‘गंजरोधक’ या शिक्क्यावरही विसंबू नका. बोटीच्या व्हॉल्व्हसाठीच्या १९९४च्या आयएसओ ९०९३-१ मानकात त्याचा अर्थ पाच वर्षं दोष न दिसणं, एवढाच होता. तळाला लावलेल्या जस्ताच्या ठोकळ्याला रंग देऊ नका. त्याने स्वतः झिजावं म्हणूनच तो लावलेला असतो. बाथरूमचं सिलिकॉन बोटीला लावू नका. त्याचा अंश राहिला तरी पुढे तिथे रंग धरत नाही.

आणि समुद्राचं पाणी लाकूड कुजवतं, असं म्हणतात तेही उलटं आहे. कुजवणाऱ्या बुरशीला मीठ मानवत नाही, गोडं पाणी मानवतं. म्हणून आमच्या बोटीवर जूनच्या पहिल्या सरीआधी ताडपत्री चढते, दोन्ही टोकं हवेसाठी उघडी ठेवून. आणि चेनप्लेटची भोकं त्याआधीच बुजवलेली असतात.