वाकळ: कापडाचे आटणे

वाकळ किंवा गोधडी हे जुन्या सुती कापडाचे थर धावदोऱ्याने एकत्र शिवून केलेले अंथरूण-पांघरूण आहे. धाराशिव जिल्ह्यासह मराठवाड्यात ती घरोघरी हाताने शिवली जाते. तिचा टिकाऊपणा टाक्याइतकाच थरांच्या आटण्यावर अवलंबून असतो.

मागावर उभे धागे ताणलेले असतात व त्यांना खळ दिलेली असते. कोरे कापड प्रथम भिजले की खळ निघते, धागे फुगतात, ताण सुटतो आणि कापड आखूड होते. लांबीत हा फरक सहसा अधिक असतो. वाकळीतील लुगडी व धोतरे वर्षानुवर्षे धुतलेली असल्यामुळे त्यांचे आटणे आधीच संपलेले असते. काटकसरीतून आलेली ही रीत वस्त्रशास्त्राच्या कसोटीलाही उतरते.

अडचण येते ती जुन्या थरांना कोऱ्या मांजरपाटाचे अस्तर लावल्यावर. पहिल्याच धुण्यात अस्तर आटते, वरचे थर आटत नाहीत. सुरकुत्या पडतात, कडा वळतात आणि शिवण उसवल्याखेरीज दोष जात नाही. म्हणून कोरे कापड रात्रभर भिजवून, धुऊन, वाळवून मगच बेततात. आटण्याचे प्रमाण काढण्यासाठी कापडावर ५० सेंमी बाजूचा चौकोन आखून ते धुतात. बाजू ४८ सेंमी उरली, तर आटणे ४ टक्के. अशा न धुतलेल्या कापडातून २०० सेंमी लांबी हवी असल्यास सुमारे २०८ सेंमी घ्यावे लागते. सॅनफोराइज्ड कापड गिरणीतच आटवलेले असते, त्यामुळे ते फारच थोडे आटते.

कापूस भरलेल्या रजईची गोष्ट वेगळी. पिंजाऱ्याने पिंजलेला सुटा कापूस आधी धुता येत नाही. भिजताच त्याचे गोळे होतात. तेथे फक्त खोळ धुऊन घेतात आणि टाके जवळजवळ घालतात. यंत्रावर दाबून केलेली कापसाची चादर मात्र न घुसळता कोमट पाण्यात बुडवून, दाबून निथळून, सपाट वाळवता येते.

नवरात्रापूर्वी घरातील सारी अंथरुणे धुण्याला ‘दसरा काढणे’ म्हणतात. नव्या वाकळीची परीक्षा बहुधा याच वेळी होते. कमी पावसाच्या या जिल्ह्यात त्यासाठी नदी-विहिरीला पुरेसे पाणी असावे लागते. ओली वाकळ फार जड होते. दोरीवर टांगल्यास तिचे थर एकाच दिशेने ओढले जातात, म्हणून ती खडकावर पसरून वाळवणे चांगले.