पांढरी रेघ

बारामती-इंदापूर रस्त्याने हंगामात निघालं की भवानीनगर यायच्या आधीच मळीचा गोड-आंबूस वास गाडीत शिरतो. माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती, कर्मयोगी : या दोन तालुक्यांत साखर कारखान्याचं धुराडं फार वेळ नजरेआड राहत नाही. धुराडं दिसलं की बगॅसचा, म्हणजे उसाच्या भुशाचा ढीगही असतोच. मिलमधून पडताना त्यात निम्मं पाणी आणि दोन-तीन टक्के साखर असते. बराचसा भुसा लगेच बॉयलरमध्ये जातो, उरलेला साठतो. पहाटे अशा ढिगातून वाफ निघते. कोपरापर्यंत हात घालून पाहिला. चटका बसून लगेच मागे घेतला.

माझं काम इथून सुरू होतं. ओल आणि साखर मिळाली की सूक्ष्मजीव त्यावर तुटून पडतात. त्यांची ऊब ढिगात कोंडते आणि पारा ५० अंशांपलीकडे जातो. बाकीचे जिवाणू गारद होतात, तेव्हा उष्णताप्रेमींची पाळी येते. त्यांतल्या एकाला इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेडच्या जॉन लेसी यांनी १९७१ मध्ये थर्मोॲक्टिनोमायसीस सॅकरी असं नाव दिलं. आज त्या जिवाणूच्या नावातच लेसी आहेत : लेसिएला सॅकरी. भुसा सुकला की त्याचे बीजाणू धुळीबरोबर उडतात. ते वर्षानुवर्षं छातीत गेले, तर काही जणांना बगॅसोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो. भारतात याची पहिली नोंद १९५५ मध्ये कोलकात्याजवळच्या एका पुठ्ठा कारखान्यातली आहे.

प्रयोगशाळेत नमुन्याची पिशवी हवा ओढून घेणाऱ्या कपाटातच उघडायची. भुसा झटकायचा, उडालेली धूळ पेट्री डिशवर घ्यायची आणि डिश ५५ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये ठेवायची. डिशमधली अगरची जेली वितळायला ८५ अंश लागतात, त्यामुळे ती टिकते, पण सुकते. पहिल्या खेपेला मी आत पाण्याचा ट्रे ठेवायला विसरले. दुसऱ्या दिवशी डिशमध्ये अगरचा पापड झाला होता.

जिवाणू मिळाला की तो द्रवात वाढवायचा. इथे खरी मेख आहे. पोषकद्रवातलीच मोठी प्रथिनं अर्कात उतरली, तर नंतर दिसणारी खूण जिवाणूची की खाद्याची, हे कळत नाही. म्हणून खाद्य आधीच डायलिसिसच्या पडद्यातून गाळून घेतात. वाढ झाली की द्रव गाळायचा, पुन्हा तसल्याच पडद्याच्या पिशवीत भरून पाण्यात ठेवायचा. क्षार आणि बारीक रेणू निघून जातात, मोठे आत राहतात. तो अर्क गोठवून सुकवला की हाती येते चिमूटभर पूड. हे आमचं अँटीजेन.

मग काचपट्टीवर अगरचा पातळ थर. मधल्या खळगीत कामगाराचं सीरम, भोवतीच्या खळग्यांत वेगवेगळे अर्क, एकीत नुसतं मिठाचं पाणी. ओलसर डब्यात दोन-तीन दिवस झाकून ठेवायचं. दोन्हीकडून रेणू सरकत येतात. सीरममध्ये त्या अर्काच्या अँटीबॉडी पुरेशा असतील, तर जिथे गाठ पडते तिथे केसाएवढी पांढरी रेघ उमटते. काळ्या कागदावर तिरपा प्रकाश टाकला की ती दिसते.

दिसली म्हणून लगेच लिहायची नाही. आधी सायट्रेटच्या द्रावणात धुवायची. शरीरात दाह असताना वाढणारं एक प्रथिनही अशी रेघ काढतं, ती विरघळते. उरते ती खरी.

आणि खरी म्हणजे तरी काय? या माणसाच्या शरीराला हा जिवाणू ओळखीचा आहे, एवढंच. धडधाकट कामगारांच्या सीरममध्येही रेघ निघते, आणि कधी आजारी माणसाची पट्टी कोरी राहते. म्हणून माझ्या अहवालात रोगाचं नाव नसतं. ते डॉक्टर ठरवतात : एक्स-रे पाहून, श्वासाची चाचणी करून, आणि एक साधा प्रश्न विचारून. ताप कधी येतो? कामावरून घरी गेल्यावर, चार-सहा तासांनी खोकला, धाप आणि हुडहुडी भरत असेल, तर औषधाबरोबर ढिगाचाही विचार करावा लागतो. धूळ उडू नये म्हणून साठवलेल्या भुशात २० टक्क्यांहून जास्त ओल राखणं आणि २ टक्के प्रोपिऑनिक आम्ल फवारणं, हे उपाय तर जुनेच आहेत.

काम संपलं की मी मिठाच्या पाण्याची खळगी पुन्हा एकदा पाहते. तिच्यासमोर काहीच उमटलेलं नसलं, तरच बाकीच्या रेघांवर सही करते.